खळ्यापर्यंत आलेली रेल्वे

जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके पालथे घातले तरी रेल्वेचा एक फूट रूळ सापडायचा नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या धाकट्या दिराला, राजरत्नला, तेवढं कधी पटलं नाही. मी त्याची वहिनी, शीला. डिंगोऱ्याच्या अंगणवाडीत पोरं सांभाळते आणि घरी आल्यावर ह्या घरातली मोठी माणसं सांभाळते. फरक एवढाच, की अंगणवाडीतली पोरं दुपारी जरा झोपतात तरी.

राजरत्न जुन्नरच्या आयटीआयमध्ये फिटर झाला आणि सत्त्याण्णव साली रेल्वेत शिकाऊ म्हणून लागला. मुंबईच्या अंगाला डबे दुरुस्त करायचा मोठा कारखाना होता, तिथं. शिकाऊ म्हणजे दोन वर्षं शिकायचं, हातखर्चाला थोडं मिळतं, पुढं नोकरी लागली तर लागली. हे मी घसा कोरडा करून गावाला सांगितलं. पण बातमी आमच्या आळीतून निघाली तेव्हा तो शिकाऊ होता, चावडीपाशी ड्रायव्हर झाला आणि वरच्या आळीला पोचेपर्यंत स्टेशनमास्तर. आमच्या बांधाला बांध असलेले कुशाबातात्या तर हार घेऊन आले. म्हणाले, "राजा, तू आता तिकडचा झालास. दुसरं काय करू नको, तेवढी रेल्वे गावाला आण." राजरत्ननं मान डोलावली. कुणाला नाही म्हणता येत नाही हा त्याचा जन्माचा रोग आहे. आणि मग हा रेल्वेचा माणूस माळशेज घाटातून एसटीनं, उभ्यानं, ओकाऱ्या काढत कामावर हजर व्हायला गेला.

पहिल्या सुट्टीला आला तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती बसलं. माझे सासरे धर्माजी, त्यांना आम्ही आबा म्हणतो, जन्मात रेल्वेत बसले नव्हते. त्यांनी आधी हेच विचारलं, "गाडी किती जोरात पळती रं?"

"पळत न्हाई आबा," राजरत्न म्हणाला. "आमच्याकडं गाडी थांबलेली आसती."

आबांचं तोंड उतरलं. मग त्यानं खरं काय ते सांगितलं. कारखान्यात डबा आला की क्रेननं उचलून खांबांवर ठेवतात, चाकं एकीकडं जातात, बाकडी एकीकडं, पंखे एकीकडं. आणि ह्याच्या नशिबी ह्यातलं काहीच नव्हतं. ह्याच्या हातात पहिले कित्येक महिने लोखंडाचा एक ठोकळा आणि एक कानस. सकाळी घासायला लागायचं ते सुटी होईपर्यंत. मग त्यांचे मिस्त्री यायचे, ठोकळ्याला गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावायचे आणि खिडकीकडं धरून बघायचे. गुण्या आणि ठोकळा ह्यांच्या फटीतून बारीकसा जरी उजेड आला तरी म्हणायचे, "उजेड दिसतोय." की ठोकळा गेला भंगारात. नवा घ्यायचा, पुन्हा घासायचा.

"वहिनी, सगळी रेल्वे उजेड न दिसण्यावर चालती," राजरत्न मला म्हणाला. आणि त्या दिवसापासून घरात पीडा सुरू झाली. दाराच्या फटीला डोळा लावून "उजेड दिसतोय" म्हणायचा. पाटा उजेडाकडं धरून बघायचा. एकदा मी गरम भाकरी ताटात टाकली तर ती उचलून कंदिलासमोर धरली. मी म्हटलं, "भावजी, ह्या भाकरीवरून कुणी डबा नेणार नाही. मुकाट्यानं गिळा."

नंतर त्याला चाकांच्या खात्यात घातलं. तिथं चाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर चाक चांगलं, बद्द वाजलं तर आत तडा. झालं, आता घरात हातोडी आली. हंडे वाजवले, जातं वाजवलं. ओतूरच्या स्टँडवर एसटीचं चाक वाजवून बघितलं आणि कंडक्टरला सांगितलं, "ही गाडी सोडू नका." गाडी सुटली आणि हा खाली राहिला. परतायला दुसरी गाडी नव्हती म्हणून चालत घरी आला, आणि वर म्हणतो, "वहिनी, आवाज खरंच बद्द व्हता." हसावं का रडावं कळेना.

पण एक गोष्ट त्यानं सांगितली ती सगळ्यांनी गप्प बसून ऐकली. मिस्त्रींनी त्याला एकदा यार्डाच्या पार टोकाला नेलं. तिथं रूळ संपत होते. संपतात तिथं दोन मजबूत खांब उभे आणि त्यांच्यावर एक आडवी तुळई, लाल रंगाची. त्याला बफर म्हणतात. मिस्त्री म्हणाले, "हे नीट बघून घे. ह्याच्या पुढं रेल्वे जात नाही. इंजिन कितीही मोठं असू दे, साहेब कितीही मोठा असू दे." आबांनी विचारलं, "कुणीच न्हाई?" राजरत्न म्हणाला, "कुणीच न्हाई."

वर्ष सरता सरता मिस्त्री प्रसन्न झाले. त्यांनी त्याला एक गज करायला दिला, लोखंडी, बरोबर दोन रुळांमधल्या अंतराएवढा. त्याची दोन्ही टोकं अशी घासली की उजेड दिसेना. मिस्त्री म्हणाले, "कारखान्यात मापाचे गज पुष्कळ आहेत. हा तू घरी ने, बापाला दाखव." तो गज कापडात गुंडाळून त्यानं अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये, भीमजयंतीच्या सुट्टीला, घरी आणला. सासूबाईंनी त्याला हळदीच्या बोटांनी हात लावला तर "अवो आई, गंजंल" म्हणून ओरडला.

आता प्रतीक्षाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं येड्यांचा बाजार वाटेल. तसा तो आहेच, पण त्याला कारण होतं.

तुळशीदासमामा आमच्यातलेच. पलीकडच्या खोऱ्यात त्यांचं घर-वावर होतं, ते धरणात गेलं. मग डिंगोऱ्याच्या शिवेला एक खडकाळ तुकडा घेऊन तिथं राहिले, बायको गेल्यावर लेकीला घेऊन. लेक म्हणजे प्रतीक्षा. बारावी झालेली, बोलायला तिखट, माझ्या अंगणवाडीत मदतीला यायची. तिचं आणि राजरत्नचं जुळलेलं मला गावाच्या आधी कळलं होतं आणि तुळशीदासमामांना सगळ्यांत शेवटी. मामांनी विचार करायला पुष्कळ वेळ घेतला. सरकारी माणूस म्हणजे जमीन घेणारा, त्याचं नाव काढलं की त्यांचं पित्त खवळायचं. शेवटी आबांना म्हणाले, "तुमचा पोरगा दुरुस्त करणारा हाय. घेणारा न्हाई. म्हणून देतो." साखरपुडा जयंतीनंतरच्या रविवारी ठरला. राजरत्न त्या आठवड्यात जमिनीवर चालत नव्हता. पोरगं इतकं खूश होतं की मला त्याची काळजीच वाटायला लागली होती.

साखरपुड्याच्या आधी मामा आणि प्रतीक्षा तळेघरकडं नात्यातल्या लग्नाला गेले. आणि त्याच दिवशी संध्याकाळी आबांनी विचारलं, "रूळ रूळ करतोस, पर दोन रुळांच्या मधी आंतर किती? बैलगाडीएवढं?"

"साडेपाच फूट. खरं म्हंजी सोळाशे शहात्तर मिलिमीटर." राजरत्ननं गज आणून दाखवला.

"आसं न्हाई दिसत मला. भुईवर आखून दाव."

जयंतीच्या मैदानाला आखायला आणलेली फक्की अर्धं पोतं उरली होती. चुन्याची पांढरी पूड. राजरत्ननं अंगणात गज ठेवला, एक टोक मला धरायला लावलं, आणि दोन रेघा मारल्या. आबा म्हणाले, "हां." तिथं थांबायला काय झालं होतं? पण नाही. "रूळ एवढाच नसतो आबा, त्यो कुठंतरी जातो," म्हणाला, आणि आम्ही अंगणातून बाहेर पडलो. लिंबाखालून, गहू काढलेल्या आमच्या वावरातून, कुशाबातात्यांच्या बांधावरून पलीकडं. विहीर आली तर मी म्हटलं सरळ बाजूनं जाऊ. तर नाही, गाडीला एकदम वळता येत नाही म्हणून लांबून गोल वळण घेतलं. मी आपली गजाचं टोक धरून वाकून वाकून चालतेय. अर्ध्या वाटेत माझ्या डोक्यात उजेड पडला.

"भावजी, ह्या बाजूला ना बाजार, ना रस्ता. तुळशीदासमामांचं घर तेवढं आहे."

"जमिनीचा उतार तिकडं जातो वहिनी. रेल्वे उतार धरून नेत्यात."

उतार उलटीकडं होता. पण त्या पोराच्या तोंडावर इतका आनंद होता की मला बोलवेना. दिवस मावळेपर्यंत त्यानं ती लाइन मामांच्या खळ्यापर्यंत नेली आणि तिथं फक्की संपली. मागं वळून बघितलं, तर आमच्या दारापासून प्रतीक्षाच्या दारापर्यंत दोन पांढऱ्या रेघा, कुठं एक बोट कमीजास्त नाही. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

सकाळी चूळ भरायला बाहेर आले तर बांधावर माणसं. कुशाबातात्या सगळ्यांच्या पुढं.

"राजा, लाइन पास झाली आन् शेजाऱ्याला सांगितलं न्हाईस?"

"तात्या, तसं काय नाय. आबांना दाखवायला नुसतं आखलंय."

कुशाबातात्यांनी मागच्या लोकांकडं बघितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. "आयकलं का? नुसतं आखलंय म्हणतोय."

आता ह्यात त्यांचा दोष म्हणाल तर नव्हता. पलीकडच्या खोऱ्यात धरण व्हायचं होतं तेव्हाही साहेब लोक आले होते. घरांच्या भिंतींवर चुन्याच्या खुणा केल्या आणि म्हणाले, नुसती पाहणी आहे. मग त्या खुणांच्या वर पाणी आलं. तेव्हापासून आमच्या भागात कुणी "नुसतं" म्हणालं की माणसं बिछाना बांधायला लागतात. राजरत्न जितकं नाही म्हणेल तितकी लाइन पक्की होत गेली. अंगात त्याच्या कारखान्याची निळी पँट, हातात रेल्वेचा गज. तो तरी काय करणार?

आणि जमीन जाणार म्हटल्यावर पुढं काय करायचं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नुसत्या जमिनीला एक भाव आणि झाडाला, विहिरीला, पक्क्या बांधकामाला वेगळा. दुपारपर्यंत कुशाबातात्यांनी रेघांच्या दोन्ही बाजूंनी आंब्याची रोपं लावली. एप्रिलच्या उन्हात. त्यांची बायको बायडाबाई एकेका रोपाला तांब्यानं पाणी घालत आणि नवऱ्याला शिव्या घालत फिरत होती. रोपं संपली तर तात्यांनी बाभळीच्या फांद्या तोडून खोचल्या. म्हणाले, लांबून कळत न्हाई. एकानं विहीर खणायला घेतली. एकानं भिंत बांधली. घर नव्हे, एकच भिंत. मी विचारलं ही कशाची, तर म्हणाला, "पक्क्या बांधकामाची."

ज्यांच्या वावरातून लाइन गेली नव्हती ते चिडले. त्यांनी ओतूरहून फक्कीची पोती आणली आणि आपापल्या वावरातून लाइनी ओढायला सुरुवात केली. रविवार तोंडावर आला तेव्हा डिंगोऱ्यात इतक्या लाइनी झाल्या होत्या की एवढं मोठं जंक्शन सगळ्या जिल्ह्यात नसेल. कुणाची गोठ्यात शिरली होती, कुणाची ओढ्यावरून उडी मारून पलीकडं गेली होती, आणि अंतर सगळं अंदाजपंचे.

इथंच राजरत्ननं गाढवपणा केला. गप्प घरात बसला असता तर चार दिवसांत वाऱ्यानं फक्की उडाली असती. पण त्याला ते बघवेना. "वहिनी, ही चार फुटांची हाय. ह्याच्यावर डबा बसणारच न्हाई." आणि गज घेऊन निघाला. प्रत्येकाच्या लाइनीवर गज ठेवायचा, चुकीची रेघ पायानं पुसायचा, बरोबर मापात नवी मारायचा. मी त्याची बाही ओढून सांगितलं, की भावजी, ही रेल्वेच नाही तर तिचं माप कशाला बरोबर पाहिजे. तर माझ्याकडं असा बघायला लागला की मीच काहीतरी वाईट बोलले. लोकांना काय, साहेब स्वतः माप घेऊन लाइन पास करतोय. त्याला दारोदार चहा मिळाला.

ह्या सगळ्या सर्कशीत तळेघरची गाडी एक दिवस आलीच नाही, दुसऱ्या दिवशी बंद पडली, म्हणून मामा आणि प्रतीक्षा शनिवारी परतले. मामा आपल्या घराशी आले आणि खळ्यावर येऊन संपलेल्या त्या दोन पांढऱ्या रेघा त्यांना दिसल्या. कुणी आखल्या ते कुशाबातात्यांनी आनंदानं सांगितलं.

मामांनी ओरडा केला नाही. घरातली बाज बाहेर काढली, दोन रेघांच्या बरोबर मधे टाकली आणि तिच्यावर बसले. आबा आणि आमचे हे, म्हणजे प्रबुद्ध, समजवायला गेले. मामा म्हणाले, "एकदा उठलो. आता न्हाई उठायचा. येऊ द्या गाडी." आणि आबांना म्हणाले, "मी म्हणालो व्हतो, पोरगा घेणारा न्हाई. चुकलो. साखरपुडा व्हणार न्हाई."

राजरत्न स्वतः गेला, पाया पडला. "मामा, खरंच काय न्हाई. नुसतं..." एवढं म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. मामांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं हातानं रेघा पुसायला घेतल्या तर मामा म्हणाले, "पुसू नको. पुसली म्हंजी जात न्हाई. आमच्या भिंतीवरची बी म्या पुसली व्हती."

घरी येऊन पोरगं जे आडवं झालं ते उठेना. जेवलं नाही. सासूबाई लाइनीला, रेल्वेला, आयटीआयला आणि मलाही बोलल्या, कारण गजाचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मला राजरत्नचा असा राग आला होता की वाटलं तो गज त्याच्याच पाठीत घालावा, आणि वाईटही तितकंच वाटत होतं.

रविवारी, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, सकाळी प्रतीक्षा आमच्याकडं आली. दारातच उभी राहिली. आत भिंतीकडं तोंड करून पडलेल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, "वहिनी, तुमच्या दिराला सांगा, लाइन आमच्या खळ्यापर्यंत आली ते मला आवडलं. पण आमचे बाबा कालपासून उन्हातान्हात बाजेवर बसलेत. त्यांना रेल्वेची भीती न्हाई. ती कुठं थांबंल ते म्हाईत न्हाई, ह्याची भीती हाय. गाडी आणता येती, तर थांबवता येत न्हाई का?"

आत खडबड झाली. राजरत्न उठून बसला होता. "वहिनी," म्हणाला, "बफर."

हातोडी, पहार आणि लाल रंगाचा डबा घेऊन तो धावला, मागं आम्ही. खळ्याच्या अलीकडं, बांधाला लागून, त्यानं दोन खड्डे खणले. मामा बाजेवरून बघत होते. राजरत्ननं त्यांना काही समजावलं नाही. फक्त सांगितलं, "मामा, हितं लाइन संपती. हितं बफर लागतो. बफरच्या पुढं रेल्वे जात न्हाई. इंजिन कितीबी मोठं आसू द्या, सायब कितीबी मोठा आसू द्या. मला मिस्त्रींनी शिकवलंय."

मामांनी त्या दोन खड्ड्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "कुणीच न्हाई?"

"कुणीच न्हाई."

"लेखी?"

"लेखी न्हाई मामा. लाकडी."

खांबांना बाभळीचे बुंधे मिळाले, कुशाबातात्यांनीच दिले. वरची आडवी तुळई कुठून आणायची हा प्रश्न पडला. तेव्हा मामा बाजेवरून उठले. कालपासून पहिल्यांदा. घराच्या मागं गेले आणि प्रबुद्धला हाक मारली. तिथं प्लास्टिकच्या कागदाखाली एक सागवानी तुळई होती. त्यांच्या जुन्या घराची. पाणी यायच्या आधी छप्पर उतरवून तेवढी काढून आणली होती. इथलं घर इतकं लहान की ती कुठं बसेना, म्हणून वर्षानुवर्षं तशीच पडलेली. मामा म्हणाले, "ही घे. पाण्याला आसं काय लावलं न्हवतं कुणी. न्हाई तर घरातच आसती ही."

राजरत्ननं हातोडी मारून तुळईचा आवाज ऐकला. मग खांबांवर चढवून बोल्ट आवळले, गुण्या लावून खाली वाकून बघितलं. उजेड दिसेना. लाल रंग प्रतीक्षानं दिला, अर्धा साडीवर सांडला.

आता संपलं, असं आम्हाला वाटलं. पण मामा धरणग्रस्त होते, अशा तशा गोष्टीवर विश्वास ठेवणारे नव्हते. म्हणाले, "टिकतोय का, ते बघायला पायजे."

रेल्वेत तपासणीशिवाय काही पास होत नाही, हे राजरत्नलाही मान्य होतं. तेव्हा प्रबुद्धचा टेम्पो आला, जो नारायणगावला टोमॅटो घेऊन जातो तो. चाकं रेघांत बसेनात, टेम्पोची चाकं रेल्वेच्या मापाची कुठली असणार, पण राजरत्न म्हणाला एका बाजूची तरी रुळावर ठेव. आबा म्हणाले, "मी बसणार. जन्मात रेल्वेत बसलो न्हाई." आणि बसले पुढं, फेटा बांधून. सासूबाईंनी प्रवास म्हणून दशम्या बांधून दिल्या. लिंबाखाली राजरत्ननं माझं हिरवं झंपरचं कापड हलवलं आणि गाडी सुटली. दोन्ही बाजूंनी गाव उभं. कुशाबातात्यांच्या बाभळीच्या फांद्यांमधून, विहिरीच्या गोल वळणावरून गाडी निघाली, आबा खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना जय भीम घालत होते. कुणीतरी शिट्टी मारली. पलीकडं, बफरच्या मागं, तुळशीदासमामा उभे. खळ्याच्या कडेला, पाय रोवून, हात बाजूला सोडून.

प्रबुद्धनं ब्रेक जरा उशिरा मारला. टेम्पो धाडकन तुळईला बसला. पुढचा दिवा फुटला, आबांच्या मांडीवरच्या दशम्या काचेवर गेल्या. बफर तसूभर हलला नाही.

मामा पुढं आले. तुळईवर हात ठेवून उभे राहिले. मग बाज उचलली, खळ्यावर नेऊन सावलीला टाकली आणि प्रतीक्षाला म्हणाले, "पावण्यांना पाणी दे." त्यांचे डोळे भरले होते, माझे तर वाहतच होते. साखरपुडा तिथंच झाला, टेम्पोच्या बॉनेटवर पेढ्यांचं ताट ठेवून. आबा दहा जणांना सांगत होते की गाडी पळाली, पण शेवटाला धक्का देती.

पुढच्या वर्षी राजरत्नची शिकाऊगिरी संपली. नोकरी लागली नाही. तो घरी आला, लग्न झालं, आणि हायवेला वेल्डिंगचं दुकान टाकलं. काम चोख करतो. फक्त त्याच्या हातचं प्रत्येक फाटक साडेपाच फूट रुंद. ट्रॅक्टर आत जात नाही म्हणून लोक भांडायला येतात, तर प्रतीक्षा त्यांना चहा देते आणि सांगते की हे असंच निघतं त्यांच्या हातातून, मी पुष्कळ बोलून बघितलं. कुशाबातात्यांचे आंबे मात्र जगले. बायडाबाईनं शिव्या घालत का होईना, पाणी घातलं होतं. बाभळीच्या फांद्या जळाल्या.

फक्की पहिल्याच पावसात गेली. बफर राहिला. दर वर्षी जयंतीला प्रतीक्षा त्याला लाल रंग देते, आणि मामा उन्हाळाभर त्याच्या मागं बाज टाकून बसतात.

दोन हजार सातच्या सुमाराला खरी माणसं आली. तीन पायांवरचं यंत्र, छत्री, जीपगाडी. रेल्वेची पाहणी म्हणाली. आंब्यांच्या दोन रांगांमधून सरळ चालत, यंत्रातून बघत बघत आली आणि खळ्याशी थबकली. मी आणि राजरत्न मामांना डबा द्यायला गेलो होतो. राजरत्नचा हात आपोआप गजाकडं गेला, पण गज दुकानात होता. त्यांतला एक तरुण साहेब लाल तुळईकडं बघत राहिला. म्हणाला, "आजोबा, हा बफर आहे. इथं कधी रेल्वे होती?"

"व्हती की," मामा बाजेवरूनच म्हणाले. "माझ्या जावयानं आणली व्हती. हितवर आली आन् थांबली."

साहेबानं एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा आंब्यांकडं. मग म्हातारा घाबरला असेल असं वाटून समजुतीच्या सुरात म्हणाला, "काळजी करू नका आजोबा. ही नुसती पाहणी आहे."

राजरत्ननं खाली बघितलं. पण मामा हसले. एवढ्या वर्षांत त्या शब्दावर त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी हात लांब करून तुळईवर ठेवला.

"करा की पाहणी, पावणं," ते म्हणाले. "बफरच्या पलीकडं कितीबी करा."